घरगुती उपाय छापताना माप पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांचा कॉलम येतो त्याबद्दल लिहायलोय, लई दिवसांपासून मनात होतं पण दुकानातून सवड काढून बसणं होत नव्हतं. मी परभणीचा. आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे, आजोबांनी निजामाच्या काळात टाकलेलं, मी तिसऱ्या पिढीचा, आता माझा पोरगा पण गल्ल्यावर बसतो. हिरडा, बेहडा, सुंठ, गुळवेल, आस्कंद, वेखंड, मुरुडशेंग, बाळाच्या गुटीचं सामान, बाळंतिणीचा डिंक-खारीक हे सगळं आम्ही विकतो अन् त्यावरच घर चालतं. त्यामुळं मी झाडपाल्याच्या विरोधातला माणूस नाही हे आधीच सांगतो. लोकांचा झाडपाल्यावरचा विश्वास टिकावा म्हणूनच हे पत्र आहे.

सोमवारी सकाळी शटर वर केलं की पहिल्या चार-पाच गिऱ्हाइकांत एक तरी आपलं कात्रण घेऊन येतं, नाहीतर मोबाईलमधे त्याचा फोटो असतो. "हे द्या" म्हणतात. मी विचारतो किती देऊ, तर म्हणतात पेपरात लिहिलंय तेवढं. अन् पेपरात काय लिहिलेलं असतं तर "थोडी सुंठ", "मूठभर पाला", "चमचाभर चूर्ण", "नियमित घ्यावे". मूठ कुणाची, शेतात राबणाऱ्या गड्याची का दहा वर्षांच्या पोरीची? चमचा कोणता? परवा मी मुद्दाम घरातले चमचे दुकानात आणले अन् वजनकाट्यावर सुंठीची पूड मोजली. चहाचा चमचा सपाट भरला तर दोन ग्रॅमच्या आतबाहेर, अन् पोहे खायचा चमचा शिगोशीग भरला तर त्याच्या तिप्पट-चौपट. दोन्हीला लोक चमचाच म्हणतात. तोळ्याचं पण तेच, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफ आज १० ग्रॅमचा धरतात, अन् आजीच्या वहीत दोन तोळे लिहिलेलं असलं तर ते कोणते तोळे हे सांगायला आता आजी नसते.

मागच्या महिन्यात एक ताई आल्या, मानवतकडच्या. कात्रण गुळवेलीच्या काढ्याचं, "रोज सकाळी उपाशीपोटी घ्या, प्रतिकारशक्ती वाढते". बोलता बोलता कळलं की त्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे अन् सांधे सुजतात म्हणून डॉक्टरांनी कसली तरी रक्ताची तपासणी सांगितलीय, ती अजून केली नाही. किती दिवस घेणार विचारलं तर म्हणाल्या, "बंद करा असं कुठं लिहिलंय?" खरंच नव्हतं लिहिलेलं. मी त्यांना गुळवेल दिली नाही, आधी तपासणी करा अन् डॉक्टरला नाहीतर वैद्यांना विचारून या म्हणलं. त्या नाराज झाल्या, पेपरात छापून आलेलं असताना हा दुकानदार नाही म्हणतो म्हणजे काय!

यामागं कारण आहे साहेब. कोरोनात २०२० पासून लोकांनी गुळवेल पोत्यानं नेली, मी विकलीय म्हणून मला माहीत आहे. २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही, म्हणाले गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे, ती पोटात गेली असेल. पुढं २०२२ मधे देशातल्या १३ सेंटरमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला अन् त्यात पुन्हा हाच विषय, ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच आपल्याच शरीरावर उलटायच्या बेतात असते अशांना जास्त जपायला पाहिजे असं त्यातून दिसतं. डॉक्टर अन् मंत्रालय यांच्यात कोण बरोबर ते ठरवायची माझी लायकी नाही. पण दोन्ही बाजूंचं ऐकलं तरी एवढं तर कळतं की वेल ओळखून घ्या अन् थायरॉईड, संधिवात, लिव्हरचा त्रास असलेल्यांनी मनानं घेऊ नका. ओळखायची खूण अवघड नाही, गुळवेलीचं कांड हिरवट असतं, वरची पातळ साल कागदासारखी सुटते, अन् दुसऱ्या वेलीच्या करड्या कांडावर फोडासारख्या बारीक गाठी असतात, तोडली की दुधासारखा चीक येतो. या दोन ओळी त्या कॉलममधे मावल्या नसत्या का?

आता माझ्याच घरचं सांगतो, हे सांगताना अजून जीव खाली-वर होतो. माझ्या पुतण्याचं लेकरू, तेव्हा तीन महिन्यांचं. रात्र रात्र रडायचं, कुणाला झोप नाही. घरात गुटीचं सामान होतंच, माझ्याच दुकानातलं, मीच स्वतःच्या हातानं डबीत भरून दिलेलं. हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, अतिविष, मायफळ, हळकुंड, जायफळ. सूनबाईनं कुठंतरी वाचलं होतं की जायफळानं बाळ शांत झोपतं. जुन्या बाया सहाणेवर जायफळाचा एक वेढा द्यायच्या, म्हणजे एकदा गोल फिरवून उगाळायच्या, लई झालं तर दोन. हिनं आठ-दहा दिले, एका वेढ्यानं काही झालं नाही म्हणून. पहाटे पुतण्याचा फोन आला, लेकरू उठना गेलंय. मी जाऊन बघितलं तर मान टाकलेली, पाय अगदी ढिले, थानाला लावलं तर तोंड हलवंना. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, डॉक्टरनी विचारलं काय पाजलं अन् आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायलो. सांगायला लाज वाटत होती. मग मीच सांगितलं, वेढ्यांसकट. डॉक्टर म्हणाले बरं झालं सांगितलं, नाहीतर मी मेंदूज्वर समजून सगळ्या तपासण्या सुरू केल्या असत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकरानं डोळे उघडून नीट दूध घेतलं. आज ते पाचवीत आहे.

चूक सूनबाईची नव्हती, माझी होती, मी सामान दिलं अन् माप दिलं नाही. त्या दिवसापासून आमच्या दुकानातून गुटीची डबी जाते तिच्यावर पोरगा स्केचपेननं लिहितो, कशाचा किती वेढा अन् काय अजिबात नको. वेखंड जास्त झालं की बाळ ओकतं हे पण लिहितो. सहा महिन्यापर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, गुटी मागायला आलेल्या बाईला मी आधी हेच सांगतो, धंदा बुडाला तर बुडू दे. तरी घरातल्या म्हाताऱ्या बाया ऐकत नाहीत, द्यायचीच म्हणतात, मग निदान सहाण गरम पाण्यानं धुवा, उगाळून झाल्यावर प्रत्येक तुकडा पुसून उन्हात वाळवा, डबीत बुरशी आली की सगळं फेकून द्या. अन् मध वर्षाच्या आत चाटवू नका, त्यातल्या जंतूनं बाळाचं अंग लुळं पडू शकतं. आपल्या कॉलममधे एकदा "बाळाच्या खोकल्यावर मध" असं आलं होतं, बाळ केवढं ते लिहिलेलं नव्हतं.

बिब्ब्याचं तर विचारू नका. आपल्या मराठवाड्यात बिब्बा घराघरात, टाचेच्या भेगा, काटा मोडला, गुडघा धरला, की सुईला टोचून दिव्यावर धरायचा अन् तेलाचा थेंब पाडायचा. खोकल्याला दुधात बिब्ब्याचं फूल, म्हणजे तोच तेलाचा थेंब, पाडून देतात. आपल्याकडं छापून आलं, "गुडघेदुखीवर बिब्बा रामबाण". आठ दिवसांत पूर्णेकडचे एक काका आले, धोतर वर करून गुडघा दाखवला. बिब्बा उतला होता. गुडघ्यापासून अर्ध्या पिंढरीपर्यंत कातडं काळं-तांबडं, मधे पाण्याचे टपोरे फोड, एक फुटून धोतराला चिकटलेला. त्यांनी थेंब नाही, चार बिब्बे ठेचून गुडघ्याला बांधून रात्रभर ठेवले होते. अन् माझ्याकडं आले ते उतारा मागायला. मी तीळ-खोबऱ्याचा लेप सांगायच्या ऐवजी त्यांना पोराच्या गाडीवर बसवून दवाखान्यात पाठवलं, एवढं कातडं गेल्यावर लेपाचं काम राहत नाही, अन् काकांना शुगर पण होती.

वैद्य लोक बिब्बा पोटातल्या औषधात वापरतात तेव्हा आधी टोपी काढतात, विटेच्या भुग्यात घोळवून घोळवून तेल उतरवतात, गरम पाण्यानं धुतात, तेव्हा कुठं तो पुढच्या कामाला घेतात. कायद्यात विषारी औषधांची वेगळी यादी आहे, बिब्बा, धोतरा, गुंज, बचनाग, कुचला हे त्यात येतात, अन् असं काही घातलेलं तयार औषध असेल तर लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं लिहावंच लागतं. कंपनीला जे लिहावं लागतं ते पेपरातल्या उपायाला नको? बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात एकदा जवळून बघा साहेब, बोटांची कातडी कशी होते ते. गोडंबी आपण लाडवात घालतो अन् ते हात कुणाला दिसत नाहीत.

काढ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. जुनं माप असं आहे की औषध बारीक पूड नाही, भरड घ्यायचं, एक भाग औषधाला सोळा भाग पाणी, मंद आचेवर झाकण न ठेवता आटवायचं, आठवा भाग उरला की गाळून घ्यायचं. म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिली पाणी अन् उरायला पाहिजे २० मिली. हे साली-मुळ्यांचं झालं. तुळस, ओवा, दालचिनी, पुदिना यांचा गुण वासात असतो, ते तासभर उकळलं तर वास घरभर जातो अन् भांड्यात कडूजहर पाणी राहतं, त्यांना उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं, चहासारखं. आयुष मंत्रालयानं कोरोनात जो काढा सांगितला होता त्याला माप होतं, तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १, अन् त्यातली ३ ग्रॅम पूड १५० मिली पाण्याला, दिवसातून एकदा-दोनदा. तीन ग्रॅम! लोकांनी काय केलं, पातेलंभर पाण्यात मूठ मूठ मिरी-दालचिनी टाकून दिवसभर प्यायले, तेही मे महिन्यात, आपल्याकडं ४२-४३ डिग्री असताना. तोंडं आली, छातीत जळजळ, कुणाच्या नाकातून रक्त, अन् मग काढाच वाईट म्हणायला लागले. बाजारात स्वस्त मिळणारी जाड सालीची दालचिनी असते तिच्यात कुमारिन नावाचा घटक जास्त असतो, तो सारखा पोटात गेला तर लिव्हरला बरा नाही, हे पण कुणी सांगितलं नाही.

अजून एक, भांडं. काढ्यात चिंच, कोकम, आवळा, लिंबू असं काही आंबट असेल तर कल्हई गेलेल्या पितळेत, तांब्यात किंवा जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळू नका, स्टील घ्या नाहीतर मातीचं घ्या. अन् काढा रोजचा रोज करा. सकाळी केलेला संध्याकाळी आपल्या उन्हाळ्यात आंबतो, वास घेऊन बघा. फ्रीजमधे आठवड्याचा भरून ठेवणारे लोक मी बघितलेत.

नावांचा घोळ तर रोजचा. "काळं जिरं द्या" म्हणतात, कुणाला शहाजिरं पाहिजे असतं, कुणाला कलौंजी, कुणाला कडूजिरं, तिन्ही वेगळी अन् गुण वेगळे. ब्राह्मी म्हणून दोन झाडं विकली जातात. अशोकाची साल मागतात, तर बाजारात बऱ्याचदा बंगल्यापुढं लावतात त्या उंच सरळ झाडाची साल येते, ती औषधातली अशोक नाहीच. काळ्या मिरीत वाळलेल्या पपईच्या बिया मिसळतात हे तर सगळ्यांना माहीत आहे, पाण्यात टाका, चांगली मिरी बहुतेक खाली बसते अन् पपईचं बी वर तरंगतं. एरंड अन् मोगली एरंड, ज्याला चंद्रज्योत म्हणतात, त्याच्यात पण गल्लत होते, शाळकरी लेकरं चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या खातात अन् उलट्या-जुलाबानं लाईनीनं दवाखान्यात, दर पावसाळ्यात आपणच बातमी छापता. म्हणून कॉलममधे झाडाचं नुसतं एक नाव देऊ नका, आपल्याकडं काय म्हणतात ते, संस्कृतात काय म्हणतात ते अन् कोणता भाग, पान का मूळ का साल, एवढं तरी द्या. जमलं तर फोटो.

अन् एक गोष्ट जी आजीच्या काळात नव्हतीच. बांधावरचा पाला. आजी कापलं-खरचटलं की बांधावरून कंबरमोडीचा पाला आणून चुरगाळून लावायची, तरोटा-घोळची भाजी आणायची, आघाडा आणायची. आता जून-जुलैत सोयाबीन पेरलं की तणनाशक, नंतर कापसावर अन् सोयाबीनवर फवारणीवर फवारणी. पंपाचा उरलेला डोस बांधावरच रिकामा करतात. तोच पाला उखळात कुटून जखमेला लावणार, त्याचाच रस लेकराला पाजणार? पाला आणायचा तर शेत कुणाचं, शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा, कडेची पानं पिवळी पडलेली दिसली तर हात लावू नका, अन् हायवेच्या कडंचा, नालीजवळचा पाला तर नकोच. ज्यांच्या दारात जागा आहे त्यांनी अडुळसा, तुळस, गवती चहा, कोरफड, ओव्याचं झाड एवढं कुंडीत लावावं, आमच्या गच्चीवर आहे.

अडुळसा निघाला म्हणून सांगतो. खोकल्याला चांगलाच, यातल्याच एका घटकावरून पुढं ब्रोमहेक्झिन हे कफाचं ॲलोपॅथीचं औषध तयार झालं, मेडिकलवर मिळतं. पण तोच घटक गर्भाशय आकसवतो, म्हणून पोटुशी बाईनं घ्यायचा नाही. कोरफडीचं पण तसंच, पान कापलं की पिवळा चीक निघतो त्याचे जुलाब होतात, तो निथळू द्यायचा, धुवायचा, अन् गरोदर बाईनं पोटातून घ्यायचीच नाही. आपल्या कॉलममधे "सर्वांसाठी उपयुक्त" असं हमखास असतं. सर्वांसाठी असं काही नसतं साहेब.

गोळ्या चालू असणाऱ्यांचं सगळ्यात अवघड. आज घरटी एक शुगरवाला अन् एक बीपीवाला आहे. शुगरची गोळी घ्यायची अन् वरून सकाळी कारल्याचा रस, दुपारी जांभूळ-बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी, सगळं एकदमच, अन् मग अकराच्या उन्हात चक्कर. आमच्या गल्लीतले एक गुरुजी असेच ओट्यावर घामानं डबडबून बसले होते, हात थरथरायले, बोलणं बोबडं. साखर-पाणी पाजलं तेव्हा भानावर आले. ज्येष्ठमध घशाला छान पण रोज रोज खाल्लं तर बीपी वाढवतं अन् अंगातलं पोटॅशियम कमी करतं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असणाऱ्यांनी लसणाचा, हळदीचा, आल्याचा औषध म्हणून मोठा डोस डॉक्टरला न विचारता घेऊ नये, ऑपरेशनच्या आधी तर डॉक्टरला सगळं सांगावंच. भाजीतली हळद-लसूण चालते, मी औषधाच्या मापाचं बोलायलोय. अन् दुधी भोपळ्याचा रस, तो कडू लागला तर एक घोट पण गिळू नका, थुंका. कडू दुधीत विष तयार झालेलं असतं, आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था, तिच्या समितीनं हेच सांगितलेलं आहे. "कडू ते औषध" म्हणून नाक दाबून पिणारी माणसं आहेत आपल्याकडं.

कावीळ. याच्यावर लिहायचं म्हणलं तर वेगळं पत्र होईल. आपल्याकडं अजून गावोगाव काविळीचं औषध देणारे आहेत, ठरलेल्या वारी रांगा लागतात. कुणी देवडांगरी नावाच्या कडू फळाचं पाणी नाकात थेंब थेंब टाकतं, मग दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळतं अन् माणूस खूश होतो की कावीळ उतरली. ती कावीळ नसते, नाकाच्या आतलं नाजूक कातडं पोळलेलं असतं त्याचं ते पाणी, कधी कधी रक्त पण येतं. खराब पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळं जो शेवटी औषध देतो त्याचा गुण. पण कावीळ म्हणजे एक आजार नाही. पित्ताचा खडा अडकला असेल, हिपॅटायटिस बी असेल, अन् गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर आई-लेकरू दोघांच्या जिवावर बेततं. तिला रांगेत उभं करू नका, थेट दवाखान्यात न्या.

विंचवाचं पण असंच होतं. मुळी बांधली, मंत्र टाकला, उतरला, कारण बरेच विंचू फक्त दुखवतात. पण लाल विंचू माणूस मारायचा. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून प्राझोसिन नावाच्या बीपीच्या साध्या गोळीनं किती जीव वाचवले ते सगळ्या जगाला माहीत आहे, २०२२ मधे पद्मश्री मिळाली. आपल्या मातीतला माणूस आहे, त्यांचं काम त्या कॉलमच्या शेजारी छापा एकदा.

सीताफळाच्या बियांची पूड उवांवर, हे पण मागच्या दिवाळीच्या सुमाराला आलं होतं. बीड-धारूरकडं बालाघाटात सीताफळ उदंड, बिया फुकट. पण ती पूड डोळ्यात गेली की डोळा लालभडक, बुबुळावर जखम, आठ-आठ दिवस उघडत नाही. रुईचा अन् शेराचा चीक तसाच. कडुलिंबाचं तेल तान्ह्या लेकराच्या पोटात गेलं तर फिट येऊ शकते. कापराचं पण तेच.

आता थोडं कडू लिहितो, माफ करा. आपल्याच पेपरात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर "शुगर मुळापासून बरी, गोळी बंद" अशा जाहिराती असतात. मधुमेहासारख्या आजाराच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. मी दुकानदार असून मला माहीत आहे, तुम्हाला नसेल असं वाटत नाही. सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या लोक माझ्याकडं आणून दाखवतात, दोन दिवसांत फरक पडला म्हणतात. जडीबुटीनं जुनी सांधेदुखी दोन दिवसांत उतरत नाही. अशा पुडीत स्टेरॉईड कुटून टाकलेलं असतं असे प्रकार सापडलेत, त्यानं पुढं तोंड सुजतं, शुगर चढते, अन् एकदम बंद केलं की माणूस अंथरूण धरतो. सुट्या पुडीतल्या भस्माचं, म्हणजे धातू-खनिज जाळून केलेल्या पुडीचं, तर मी नावच काढू देत नाही. २००४ मधे अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तर १४ मधे शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं होतं, अन् ती तर डबाबंद होती. लायसन नंबर, बॅच नंबर, तारीख नाही ते औषध घेऊच नका, माझ्या दुकानातून पण नाही.

मग मागणी काय, तर कॉलम बंद करू नका. लोकांना तो आवडतो, माझ्या आईला मीच वाचून दाखवतो. फक्त प्रत्येक उपायाखाली चार ओळींची चौकट द्या, झाड नक्की कोणतं अन् कोणता भाग, ग्रॅम-मिलीत माप अन् किती दिवस, कुणी घ्यायचं नाही, अन् काय झालं की बंद करून दवाखाना गाठायचा. गरोदर बाई, तान्हं लेकरू अन् रोजच्या गोळीवाला माणूस, हे तिघं दर वेळी त्या चौकटीत आलेच पाहिजेत. छापायच्या आधी एखाद्या रजिस्टर्ड वैद्याला वाचायला द्या, नांदेडला अन् धाराशिवला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, विचारलं तर कुणी नाही म्हणणार नाही. अन् कुणाला काही उलटंसुलटं झालं तर लपवू नका, जे प्यायलं त्याची पुडी, उरलेला पाला, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा, १०८ ला फोन करा, हे पण कायम खाली छापा. आमच्या लेकराच्या वेळी मी वेढे सांगितले म्हणून डॉक्टरांना कळलं.

माझ्या गल्ल्यात आपली जपून ठेवलेली एकोणीस कात्रणं आहेत, ज्यात माप नाही अशी. पोराकडून त्या सगळ्यांचे फोटो आपल्या मेलवर पाठवायलोय. पुढच्या रविवारी कोणता उपाय घेणार ते गुरुवारपर्यंत कळवलं तर मी दुकानातल्या काट्यावर मोजून चमच्याचं माप पाठवून देतो, त्याचे पैसे नकोत, वर सही मात्र वैद्यांची घ्या.

आपला नेहमीचा वाचक,
एक काष्ठौषधी विक्रेता, परभणी